ज्या गळ्यात गाणे घडले

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'कॉल मी मॅडम' हे संगीत नाटक पाहून बाहेर पडलेल्या माणसाला त्यातले 'यू आर जस्ट इन लव्ह' हे द्वंद्वगीत घरी पुन्हा ऐकावेसे वाटले, तर त्याच्यापुढे दोन रेकॉर्ड होत्या. एकीवर नाटकातली नायिका होती, पण तिच्यासोबत गाणारा पुरुष नाटकातला नव्हता. दुसरीवर पुरुष नाटकातलाच होता, पण नायिकेच्या जागी वेगळीच गायिका होती. रोज रात्री इंपीरियल थिएटरात शेजारीशेजारी उभे राहून ते गाणे म्हणणारे दोघे यांपैकी एकाही रेकॉर्डवर एकत्र नव्हते.

कारण कागदावरचे होते. नायिका एथेल मर्मन डेक्का कंपनीशी करारबद्ध होती. नाटकात भांडवल घातले होते आरसीए व्हिक्टर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने, आणि मूळ संचाची रेकॉर्ड काढण्याचा हक्कही आरसीएकडे होता. डेक्काने मर्मनला सोडले नाही. मग आरसीएने रसेल नाइप, पॉल लुकास वगैरे बाकीचा संच तसाच ठेवला आणि मधोमध गायिका डायना शोअरला आणून उभे केले. डेक्काने डिक हेम्स आणि आयलीन विल्सन यांना जोडीला देऊन मर्मनची वेगळी रेकॉर्ड काढली. नाटक पुढे ६४४ प्रयोग चालले. १९५१ साली मर्मन आणि नाइप या दोघांनाही टोनी हा तिथल्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. पण ज्या गाण्यात ते दोघे समोरासमोर येत, ते गाणे त्या दोघांच्या आवाजात त्या काळच्या रेकॉर्डवर उरले नाही.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या देशातल्या या गोष्टीचा मला आजही राग येतो. संगीत नाटकाची रेकॉर्ड काढताना मूळ नट-गायकाला बाजूला करून दुसरा आवाज बसवणे हा केवळ धंद्यातला निर्णय आहे, असे मानणारे पुष्कळ लोक मला भेटतात. त्यात आपल्याकडचे नाट्यसंगीतप्रेमीही असतात. मला ते मान्य नाही. ज्या गळ्यात गाणे घडले, त्या गळ्याचा त्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणावर हक्क आहे, असे मी मानतो. हक्क हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

हे गाणे कसे जन्मले ते पाहा. नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, येण्याआधी न्यू हेवनला सुरुवातीचे प्रयोग चालू होते आणि दुसरा अंक पडत होता. मर्मनला दिसत होते की नाइप नावाचा हा तरुण, चष्मा लावणारा, बारीक केस कापलेला नट लोकांना आवडतो आहे. तिने नाटकाचे संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांच्याकडे त्याच्याबरोबरचे एक गाणे मागितले. बर्लिन तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. १९१४ साली त्यांनी एक युक्ती केली होती: दोन वेगळ्या चाली, दोन वेगळे शब्द, आधी एकेकट्या गायच्या आणि मग एकावर एक ठेवून एकाच वेळी. तीच युक्ती त्यांनी इथे पुन्हा काढली. पहिली चाल प्रेमात पडून बावरलेल्या तरुण सचिवाची आहे, लांबट आणि हळवी. दुसरी त्याला काय झाले आहे हे त्याच्याआधी ओळखणाऱ्या अनुभवी बाईची, तुटक आणि ठसक्याची. नाइपचा मऊ आवाज आणि मर्मनचा तुतारीसारखा आवाज एकमेकांत न मिसळता एकत्र ऐकू येतात, म्हणून ती युक्ती साधते. प्रेक्षक पुन्हा पुन्हा हेच गाणे मागत. आपल्याकडे ज्याला वन्समोअर म्हणतात, तेच.

म्हणजे या गाण्याची मागणी गायिकेची, कारण सहगायक, आणि दोन्ही चाली बेतलेल्या त्या दोघांच्या गळ्यावर. संगीतकाराचे श्रेय यात जराही कमी होत नाही. शिंपी कितीही मोठा असला तरी माप कोणाचे तरी घ्यावे लागते. ज्यांनी संगीत नाटकाच्या तालमी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. चाल पेटीवर तयार होते, पण ती पक्की होते नटाच्या तोंडात. इथे श्वास पुरत नाही, म्हणून ओळ तोडली जाते. तिथे वरचा षड्ज नीट लागतो आहे, म्हणून शेवट वर नेला जातो. एखादा शब्द त्याच्या जिभेवर चांगला बसत नाही, म्हणून कवीला बोलावून तो बदलून घेतला जातो. छापील स्वरलिपीत हे सगळे उतरते, पण ते कोणामुळे उतरले हे तिथे लिहिलेले नसते. ते फक्त त्या माणसाच्या आवाजात ऐकू येते.

अमेरिकेत संगीत नाटकांच्या रेकॉर्डची प्रथा रुजली तीच मुळी या जाणिवेतून. त्याआधी नाटकातली गाणी रेकॉर्डवर येत ती बहुधा नामवंत गायकांच्या आणि नाचाच्या बँडच्या आवाजात. नाटकातले नट आलेच तर तुकड्यातुकड्यांनी. १९४१ च्या 'लेडी इन द डार्क'मधली गर्ट्रूड लॉरेन्स व्हिक्टरसाठी गायली आणि त्याच नाटकातला डॅनी के कोलंबियासाठी. १९४३ साली 'ओक्लाहोमा!' आले तेव्हा अमेरिकेत वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार चालू होता. आपल्या कंपनीपुरता तो मिटवून डेक्काच्या जॅक कॅप यांनी त्या शरद ऋतूत नाटकातलेच गायक, तोच वाद्यवृंद आणि तोच संचालक स्टुडिओत नेला आणि जाड तबकड्यांचा अल्बम काढला. तो तुफान खपला. 'मूळ संच' हे शब्द त्यानंतर विक्रीचे शब्द झाले. ते शब्द म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेले वचन आहे: तुम्ही तिकीट काढून न्यूयॉर्कला येऊ शकत नाही, पण तिथे जे ऐकू येते ते तुमच्या घरी येईल. हे वचन देऊन नफा कमावायचा आणि अडचण आली की नायिका बदलायची, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. रंगमंचावरचा आवाज आणि माईकपुढचा आवाज वेगळे. मर्मनचा गळा शेवटच्या रांगेतल्या, माळ्यावरच्या प्रेक्षकासाठी घडला होता. ध्वनिक्षेपकाशिवाय हजारभर लोकांना प्रत्येक शब्द ऐकवायचा, ही तिची विद्या. दिवाणखान्यात तोच आवाज अंगावर येतो, असे म्हणणारे तेव्हाही होते. डायना शोअर रेडिओवर वाढलेली. तिला माईकच्या जवळ जाऊन कानाशी बोलल्यासारखे गाता येई. मग घरी ऐकण्यासाठी तीच बरी नाही का?

मी दोन्ही रेकॉर्ड पुष्कळदा ऐकल्या आहेत. शोअर वाईट गात नाही. तिचा सूर स्वच्छ आहे. पण नाटकातली सॅली ॲडम्स ही वॉशिंग्टनमध्ये मेजवान्या देऊन राजदूतपद मिळवलेली बाई आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी लक्झेंबर्गला पाठवलेल्या पर्ल मेस्टा यांच्यावर ती बेतलेली होती. ती खोलीत शिरली की खोली तिची होते. शोअरच्या आवाजात ही बाई खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करते. सूर तेच आहेत आणि माणूस निघून गेले आहे. संगीत नाटकातले गाणे हे पात्राचे बोलणे असते, आणि ज्याने ते पात्र महिनोन् महिने अंगावर वागवले त्याच्या गाण्यात बोलणे आणि सूर वेगळे काढता येत नाहीत. दिवाणखान्यात आवाज अंगावर येत असेल तर माईक लांब ठेवावा. गायिका बदलू नये.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन कळावे म्हणून एक कल्पना करून पाहू. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. समजा, त्यात खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे दुसऱ्या कंपनीशी बांधलेले आहेत, म्हणून खाँसाहेबांची सगळी पदे दुसऱ्या एखाद्या चांगल्या गवयाने रेकॉर्डवर गायली आहेत. तो गवई तयारीचा आहे, सुरेल आहे. पण खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची जखम, बंदिशीवर झडप घालण्याची त्यांची तऱ्हा जितेंद्र अभिषेकींच्या चालींत आली, तेव्हा त्यांच्या कानात कोणता आवाज होता? तो आवाज काढून घेतलेली 'कट्यार' आपण पुढच्या पिढीच्या हाती ठेवली असती का?

इथे माझा एक मित्र, जो नाट्यसंगीताच्या मैफली करतो, मला अडवतो. तो म्हणतो, तू ब्रॉडवेचा नियम आपल्यावर लादतो आहेस. आपले पद म्हणजे बंदिश. ते एका गळ्याचे नसतेच. १९११ साली 'मानापमान' आले तेव्हा त्यातला नायक धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी वारले. पुढे कितीतरी धैर्यधर झाले. १९२१ च्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव भोसले उभे राहिले. आणि आज 'रवि मी' किंवा 'चंद्रिका ही जणू' म्हटले की आपल्या कानात येते ते मास्टर दीनानाथांचे वळण. मूळ धैर्यधर कोण, हे दहा रसिकांत एकालाही सांगता येणार नाही. मग कुठे काय बिघडले?

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याचा मला आदर आहे. 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी त्या पदांना जागा ठेवल्या होत्या, आणि ज्याने त्याने त्या आपल्या बुद्धीने भराव्यात अशी अपेक्षाच होती. दीनानाथांनी जे केले ते पदाचे नवे वाचन होते. ते त्यांच्या नावावर आले आणि त्यांच्या नावावरच ऐकले गेले. कोणाच्या जागी कोणाला गुपचूप बसवलेले नाही. ब्रॉडवेच्या गाण्याला मात्र इतकी मोकळीक नसते. वाद्यमेळ लिहून बांधलेला, पट्टी ठरलेली, ओळ किती मात्रांत संपायची तेही ठरलेले. तिथे गायकाचे जे काही असते ते त्या बांधणीच्या आतच, आधीच, तालमीत घातलेले असते. म्हणून तिथे मूळ आवाज गेला की जास्त जाते. पण आपल्याकडे काही जात नाही, असे नाही. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तली सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कलकत्त्याला आला तो १९०२ मध्ये. दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने तो आवाज कायमचा गेला. त्यांच्याबद्दल आपण आठवणी वाचतो, तो आवाज कसा होता याच्या उपमा वाचतो, आणि उपमांवर भागवतो. भाऊरावांच्या वेळी यंत्रच नव्हते. यंत्र समोर असताना, माणूस जिवंत असताना, रोज प्रयोग चालू असताना आवाज न घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

मी स्वतः हे जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेच्या नव्या संगीत नाटकाला मी पेटीची साथ करत होतो. नायिकेची भूमिका करणाऱ्या मुलीचा आवाज खर्जाकडे झुकणारा, थोडा खरखरीत होता. संगीतकाराने तिच्यासाठी पदे काळी दोनमध्ये बांधली. एका पदात तिला मध्यमावर थांबून शब्द बोलल्यासारखा टाकायची सवय लागली, आणि पुढे तीच त्या पदाची ओळख झाली. स्पर्धेत नाटकाला बक्षीस मिळाले. एका देणगीदाराने अल्बमसाठी पैसे दिले आणि अट घातली की नाव असलेली गायिका हवी. त्या बाई आल्या. पदे काळी पाचमध्ये चढवली गेली. बाई चांगल्या होत्या, वागायलाही सज्जन होत्या. त्यांना चाली कळाव्यात म्हणून आमच्या मुलीला डमी गायला बोलावले होते. ती काचेपलीकडे उभी राहून सगळी पदे गायली. मग बाईंच्या हेडफोनमध्ये तिचा आवाज सोडला आणि त्यावर बाई गायल्या. मध्यमावरचा तो थांबा बाईंनी हुबेहूब उचलला. शेवटी खालचा आवाज बंद केला. अल्बमवर त्या मुलीचे नाव 'ऋणनिर्देश' या मथळ्याखाली, चहापाण्याची सोय करणाऱ्यांच्या ओळीत आले. मी तेव्हा काही बोललो नाही. त्या अल्बममधले ते पद आता इतर मुली स्पर्धांत म्हणतात, आणि मध्यमावर थांबतात.

हे होऊ नये म्हणून काय करता येईल, ते ब्रॉडवेच्याच इतिहासात शोधता येते. तिथे हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की उत्तरांचे नमुनेही तयार आहेत. १९५२ साली 'पॅल जोई'चे पुनरुज्जीवन झाले तेव्हा व्हिव्हिएन सिगल आणि हॅरल्ड लँग यांनी कोलंबियासाठी ती गाणी आधीच गायलेली होती, म्हणून कॅपिटॉलच्या रेकॉर्डवर त्यांच्या जागी जेन फ्रोमन आणि डिक बीव्हर्स आले. तिथे निदान सिगलचा आवाज दुसरीकडे शिल्लक होता, आणि १९४० साली ती भूमिका पहिल्यांदा करणारी तीच होती.

सगळ्यात शिकण्यासारखे मला वाटते ते 'कंपनी'. स्टीफन साँडहाइम यांचे हे नाटक १९७० च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि मे महिन्यातल्या एका रविवारी संच कोलंबियाच्या स्टुडिओत जमला. असे ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकतात, कारण नटांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे रेकॉर्डिंगच्या एका दिवसासाठी आठवड्याचा पगार द्यावा लागतो. दिवस संपला, रात्र संपली. पहाटे संचातल्या एलेन स्ट्रिच या नटीचे 'द लेडीज हू लंच' हे गाणे राहिले होते. तिचा आवाज बसला होता. ती पुन्हा पुन्हा गात होती आणि गाणे पुन्हा पुन्हा पडत होते. डी. ए. पेनेबेकर यांच्या माहितीपटात तो सगळा छळ टिपला आहे. रेकॉर्डचे निर्माते थॉमस शेपर्ड यांना त्या क्षणी दुसरी चांगली गायिका मिळवणे अवघड नव्हते, न्यूयॉर्कमध्ये अशा गायिका खूप. त्यांनी फक्त वाद्यवृंद मुद्रित करून ठेवला आणि तिला घरी पाठवले. काही दिवसांनी ती परत आली आणि त्या वाद्यमेळावर गायली. आज ते गाणे कोणीही गावो, तिच्याशी तुलना होतेच. वाट पाहण्याची किंमत किती होती? स्टुडिओचे काही तास.

त्याच नाटकाने उलटे उदाहरणही दिले. नायक बॉबीची भूमिका करणारा डीन जोन्स वैयक्तिक कारणांनी महिन्याभरात बाहेर पडला आणि त्याच्या जागी लॅरी कर्ट आला. 'वेस्ट साइड स्टोरी'तला टोनी नावाचा नायक १९५७ साली पहिल्यांदा उभा करणारा हाच कर्ट. चित्रपटात मात्र त्याला घेतले नव्हते, तेव्हा बदलले जाणे काय असते हे त्याला ठाऊक होते. जोन्सचा आवाज रेकॉर्डवर आधीच आला होता, आणि ते योग्यच झाले. पण १९७२ साली नाटक लंडनला गेले, बरेचसे अमेरिकी कलाकारच तिकडे गेले, आणि लंडनच्या संचाची म्हणून जी रेकॉर्ड निघाली ती न्यूयॉर्कचीच होती. त्याच मुद्रणातून जोन्सचा आवाज काढून तिथे कर्टचा आवाज बसवला होता. भोवतालचे सगळे तेच, त्याच दिवशीचे, फक्त मधला माणूस बदललेला. सोबतचे गायक जोन्सला उत्तर देत आहेत आणि आपल्याला ऐकू येतो कर्ट. कर्टवरही हा अन्यायच, कारण त्याला त्याच्या संचासोबत गायला मिळालेच नाही. पुढे १९९८ साली मूळ रेकॉर्डची सीडी निघाली तेव्हा जोन्सचे सगळे जागच्या जागी ठेवून शेवटी कर्टचे 'बीइंग अलाइव्ह' जोडले गेले. मला हवे आहे ते नेमके हे. आधीचे राहू द्या, नंतरचे त्याच्या पुढे ठेवा.

करार आडवा येतो, असे सांगणाऱ्यांसाठी १९६४ चे 'फनी गर्ल' पुरेसे आहे. बार्ब्रा स्ट्रायसँड कोलंबियाची करारबद्ध गायिका होती आणि नाटकाची रेकॉर्ड होती कॅपिटॉलकडे. म्हणजे मर्मनचाच पेच. तरी स्ट्रायसँड कॅपिटॉलच्या रेकॉर्डवर गायली. दोन कंपन्यांनी एका नाटकापुरती गाठ सैल केली आणि कोणाचेही दिवाळे निघाले नाही. चौदा वर्षांपूर्वीही ती करता आली असती.

आणि त्याच 'फनी गर्ल'चे २०२२ साली पुनरुज्जीवन झाले, तेव्हा करार नसताना तीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. २४ एप्रिलला ऑगस्ट विल्सन थिएटरात नाटक सुरू झाले तेव्हा नायिका फॅनी ब्राइस होती बीनी फेल्डस्टीन. तिच्या गाण्यावर टीका झाली. जुलैअखेर ती गेली, ऑगस्टमध्ये ज्यूली बेंकोने भूमिका निभावली, आणि सप्टेंबरमध्ये लिआ मिशेल आली. नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड निघाली ती मिशेलच्या आवाजात. फॅनीच्या आईच्या भूमिकेतही जेन लिंचच्या जागी आलेली टोव्हा फेल्डशू तिच्यावर आहे. शीर्षकात 'नवा ब्रॉडवे संच' असे लिहिले, हे प्रामाणिक झाले. मिशेल उत्तम गाते, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि तिची रेकॉर्ड निघायलाच हवी होती.

पण फेल्डस्टीनची निघाली नाही, आणि इथे मी अनेक रसिकांपासून वेगळा पडतो. ते म्हणतात, तिचा आवाज कमी पडत होता, मग जपायचे कशाला? मला वाटते, ध्वनिमुद्रण हे बक्षीस नाही. त्या प्रयोगाची सुरुवात तिने केली. दिग्दर्शकाने ज्या कल्पनेने नाटक बसवले, ती कल्पना तिच्याभोवती होती: विनोदी, थोडी अवघडलेली, आवाजापेक्षा वेळेच्या जाणिवेवर उभी असलेली फॅनी. ती कल्पना फसली असे म्हणा. पण पुढच्या अभ्यासकाला ती फसलेली तरी ऐकता आली पाहिजे. कानावर विश्वास ठेवून आपण ठरवतो की कोण चांगले, आणि काळ ते पुष्कळदा उलटवतो. फक्त जिंकलेला आवाज ठेवायचा असे ठरले, तर पुढच्यांना निकाल मिळेल आणि पुरावा मिळणार नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती जमवल्या जातात, ते मोठे काम आहे. पण त्या तिथे जाऊन, अभ्यासाचे कारण दाखवून पाहायच्या असतात. सातासमुद्रापलीकडच्या रसिकाला रेकॉर्डच भेटते.

नव्या आवाजांना माझा विरोध नाही. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९८४ मध्ये आपली 'वेस्ट साइड स्टोरी' किरी ते कानावा आणि होसे कारेरास या ऑपेरा गायकांकडून गाऊन घेतली. कोणाला आवडली, कोणाला नाही. पण ती मूळ संचाची आहे असे कोणी म्हटले नाही आणि १९५७ ची रेकॉर्ड तिच्या जागी तशीच आहे. 'हॅलो, डॉली!'मध्ये १९६७ साली पर्ल बेली आली तेव्हा तिच्या संचाची वेगळी रेकॉर्ड निघाली. हे सगळे भर घालणे आहे.

माझी मागणी छोटी आहे. भूमिका पहिल्यांदा उभी करणाऱ्या नट-गायकाच्या करारात एक कलम असावे: या नाटकाचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले तर पहिले विचारणे त्याला. तो आजारी असेल तर मुदत द्यावी, जशी स्ट्रिचला दिली. दुसऱ्या कंपनीने बांधलेला असेल तर तिने त्या एका अल्बमपुरते सोडावे, जसे स्ट्रायसँडला सोडले. नंतर आलेल्याचा अल्बम काढायचा असेल तर जरूर काढावा, पण सुरुवात करणाऱ्याची दोन गाणी तरी सोबत असावीत. निर्माता म्हणेल, संगीत नाटकाच्या अल्बमवर पैसे सुटतातच कुठे, त्यात हा खर्च. खरे आहे, बहुतेक अल्बम तोट्यात जातात. पण तोटाच सोसायचा आहे, तर तो खऱ्या आवाजासाठी सोसावा. आणि आपल्याकडच्या संस्थांना तर एवढेही अवघड नाही. आमच्या त्या नाटकात मुलीने गायलेली डमी तयारच होती. ती पुसली नसती तरी पुरले असते.

आता आवाज बदलायला स्टुडिओत दुसरा गायकही लागत नाही. एका गळ्याचे गाणे संगणकावर दुसऱ्याच्या आवाजात उतरवता येते. म्हणून हे कलम आजच लिहून घ्यायला हवे. उद्या आमच्या त्या मुलीला डमी गायला बोलावतील, आणि तिच्या गाण्यावर नामवंत आवाजाचा साज चढवून मोकळे होतील. नामवंत बाईंनाही बोलावणार नाहीत.

'कॉल मी मॅडम'च्या त्या दोन रेकॉर्डकडे मी अधूनमधून परत जातो. एकदा मी आरसीएची एका यंत्रावर आणि डेक्काची दुसऱ्यावर लावली. नाइपची चाल एका बाजूने आणि मर्मनची दुसऱ्या बाजूने एकाच वेळी सुरू करून पाहिली, कारण गाण्याची रचनाच तशी आहे, दोन चाली एकमेकींवर ठेवायच्या. पहिल्या ओळीपुरते जुळल्यासारखे वाटले. मग डेक्काचा वाद्यवृंद आपल्या लयीने वेगळा निघून गेला. मी पुन्हा सुई मागे नेली, पुन्हा सुरू केले. तिसऱ्यांदा डिक हेम्सचा आवाज मध्ये आला, आणि त्याच वेळी पलीकडून डायना शोअरचा. चौघे एकदम गात होते, आणि त्यांतले ज्या दोघांना मी शोधत होतो ते एकमेकांना ऐकत नव्हते.